ज्येष्ठांना घेऊन सिंगापूर: पास, टॅक्सी की एमआरटी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघे, सहा वर्षांची मुलगी आणि आई-बाबा असे पाच जण मुंबईहून चार रात्रींसाठी सिंगापूरला जाताय. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, आणि बससाठी टूरिस्ट पास काढावा की रोज टॅक्सी करावी? हॉटेल लिटल इंडियात घ्यावे की विमानतळाजवळ? परतीचे विमान पहाटे सहाचे, तर आदली रात्र विमानतळावरच काढावी का? आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलेय की आईला गुडघ्यांचा त्रास आहे, जिने चढवत नाहीत, पण चालते तशी बरी.

मी ज्येष्ठांच्या लहान गटांना घेऊन सिंगापूरला नेहमी जाते, त्यामुळे माझी नजर त्या शेवटच्या ओळीवर थांबली. तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यावरून ठरतील. सिंगापुरात गाड्या भरपूर आहेत, भाडे कमी आहे, डबे गार आहेत. माणूस गाडीत दमत नाही, दमतो तो दोन गाड्यांच्या मधे. नकाशावर एकच ठिपका दिसणारे अदलाबदलीचे स्टेशन प्रत्यक्षात जमिनीखाली लांबच लांब पसरलेले असते. तिथल्या धोबी घाट नावाच्या स्टेशनवर तीन लाइन एकत्र येतात. तिथे लाल लाइनवरून पिवळ्या लाइनवर जायचे म्हणजे सरकते जिने, लांब बोगदा, पुन्हा जिने. डाउनटाउन लाइनवरचे बेंकूलन स्टेशन जमिनीखाली सुमारे ४३ मीटर आहे. तिथून वर यायलाच वेळ लागतो.

म्हणून मी दिवस आखताना किलोमीटर मोजत नाही आणि डॉलरही मोजत नाही. गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजते. गुडघेदुखी असलेले माणूस बरोबर असेल तर जाताना एक बदल, येताना एक बदल, त्यावर नाही. त्याहून जास्त लागत असेल तर तेवढ्या टप्प्याला टॅक्सी.

आता, हे सगळे आईंना सलग किती चालवते यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून कळणार नाही. एक साधी गोष्ट करा. निघण्याआधी एखाद्या संध्याकाळी त्यांना घेऊन सलग वीस मिनिटे चाला, मधे न बसता. सहज जमले तर खाली सांगते तो बेत तसाच ठेवा. दहाव्या मिनिटाला बाक शोधावा लागला तर माझ्या बेतातल्या निम्म्या एमआरटी फेऱ्यांच्या जागी टॅक्सी धरा आणि खर्चाची तयारी आधीच ठेवा. "चालते तशी बरी" हे आपल्या आया घरच्यांचा बेत बिघडू नये म्हणूनही म्हणतात.

आधी हॉटेल, कारण अर्धी लढाई तिथेच आहे. विमानतळाजवळ घेऊ नका. चांगी विमानतळ शहराच्या पूर्व टोकाला, मध्यभागापासून साधारण २० किलोमीटरवर आहे, आणि तुम्हाला जे बघायचे ते जवळजवळ सगळे मध्यभागी आणि दक्षिणेला. रोजची ती ये-जा गुडघ्यांना परवडणार नाही. लिटल इंडिया चांगले, आणि फक्त इडली-डोसा मिळतो म्हणून नाही. लिटल इंडिया स्टेशनवर दोन लाइन आहेत: जांभळी नॉर्थ ईस्ट आणि निळी डाउनटाउन. जांभळ्या लाइनने गाडी न बदलता क्लार्क की, चायनाटाउन आणि हार्बरफ्रंट. हार्बरफ्रंटला उतरले की सेंटोसा बेटाचे दार. निळ्या लाइनने, पुन्हा गाडी न बदलता, बुगिस आणि बेफ्रंट, म्हणजे मरीना बे आणि गार्डन्स बाय द बे. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची निम्म्याहून अधिक सिंगापूर या दोन लाइनवर एकही बदल न करता होते. रोचोर हे निळ्या लाइनवरचे शेजारचे स्टेशन आणि फेरर पार्क हे जांभळ्या लाइनवरचे. या तिन्हींच्या आसपास हॉटेल शोधा.

शोधताना एक गोष्ट जाहिरातीत दिसणार नाही. "स्टेशनपासून तीन मिनिटे" असे लिहिलेले असते ते सगळ्यात जवळच्या दारापासून. स्टेशनला चार-पाच दारे असतात आणि लिफ्ट प्रत्येक दाराला असतेच असे नाही. नकाशावर लिफ्टचे चिन्ह कुठल्या अक्षराच्या दाराजवळ आहे ते बघा आणि तिथून हॉटेलपर्यंतचे अंतर मोजा. स्टेशनबाहेर ऊन-पावसापासून आडोसा चांगला आहे. सरकारने स्टेशनांपासून ४०० मीटरपर्यंत छत असलेल्या पायवाटांचे जाळे मुद्दाम वाढवले आहे. तरी दुपारी हवा इतकी दमट असते की छताखालीही घाम येतो. ठाण्या-मुंबईचा मे महिना तिथे बारमाही आहे.

आता विमानतळ ते हॉटेल. इथे मी एमआरटी सुचवत नाही, आणि कारण सांगते. चांगी विमानतळाचे स्टेशन २००२ पासून आहे, टर्मिनल २ आणि ३ च्या खालीच, आणि भाडे अगदी नगण्य. एकटा तरुण माणूस असेल तर मी डोळे झाकून तेच सांगेन. पण तुमच्या बाबतीत बघा. विमानतळावरून तानाह मेराहला गाडी बदलायची, हिरव्या लाइनने बुगिसला यायचे, तिथे पुन्हा बदलून निळ्या लाइनने लिटल इंडिया. दोन बदल, तेही चार सुटकेस आणि रात्रभर न झोपलेल्या आई-बाबांसह. काही जण सांगतात की एक्स्पो स्टेशनवर निळी लाइन पकडा, एकच बदल होतो. खरे आहे, पण ती गाडी चायनाटाउन, बेफ्रंट असा मोठा वळसा घालून लिटल इंडियाला येते. विमानातून उतरल्यावर तेवढा वेळ बॅगा सांभाळत बसणे मला पटत नाही.

टॅक्सीत मात्र तुमची एक वेगळी अडचण आहे, जी बहुतेकांना तिथे गेल्यावर समजते. साध्या टॅक्सीत चारच प्रवासी घेतात. "मुलगी मांडीवर बसेल" हे तिथे चालत नाही. चालक नम्रपणे नाही म्हणेल आणि त्याचे बरोबर आहे. शिवाय १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खासगी कारमध्ये, त्यात अॅपवरून बोलावलेली खासगी गाडीही आली, मुलांचे आसन लागते. मीटरच्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे. म्हणजे अॅपवर सगळ्यात स्वस्त दिसणारी गाडी तुमच्यासाठी नाही. तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत: दोन टॅक्सी, किंवा सहा-सात आसनांची मोठी गाडी, जिला तिथे मॅक्सीकॅब म्हणतात. जाताना आणि येताना मॅक्सीकॅब घ्या. ती उतरल्यावर विमानतळाच्या वाहतूक काउंटरवरही मिळते, पण ज्येष्ठ बरोबर असले की मी आधीच ठरवून ठेवते. शहरात एखाद्या टप्प्याला टॅक्सी लागली तर मात्र सरळ दोन करा: एकीत बाबा आणि तुम्ही, दुसरीत आई, सूनबाई आणि नात. प्रत्येक गाडीत फोन आणि पत्ता असलेले एक तरी माणूस हवे.

टॅक्सी तिथे मीटरनेच चालते, घासाघीस नाही. पण मीटरवर अधिभार चढतात: गर्दीच्या वेळी २५ टक्के, मध्यरात्र ते सकाळी सहापर्यंत ५० टक्के, आणि विमानतळावरून निघताना वेगळा. त्यामुळे पावती मीटरपेक्षा जास्त दिसली तर फसवले असे समजू नका. गाडी घेण्याचा परवानाच तिथे लिलावाने, तोही दहा वर्षांपुरता, मिळतो आणि त्याला एक लाख सिंगापुरी डॉलरच्या घरात मोजावे लागतात. म्हणून चारचाकीचा प्रवास महाग. त्याच धोरणाची चांगली बाजू म्हणजे इतक्या उत्तम बस आणि गाड्या.

आता पास. तुम्हाला तो लागणार नाही असे माझे मत आहे. तिथले भाडे अंतरावर ठरते आणि मोठ्या माणसाची एक फेरी साधारण सव्वा ते अडीच डॉलरमध्ये होते. बस आणि एमआरटी मिळून एकच प्रवास धरतात. पाचपर्यंत बदल, दोन बदलांमध्ये ४५ मिनिटांपर्यंत वेळ आणि एकूण दोन तास, एवढ्यात असलात तर प्रत्येक वेळी नव्याने किमान भाडे लागत नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे दुपारी हॉटेलवर येऊन आडवे झालात तरी दिवसाला चार फेऱ्या होतात. पासाचा त्या दिवशीचा दर काढा, चार फेऱ्यांचे भाडे काढा, उत्तर समोर येईल. पास दिवसभर भटकणाऱ्यांसाठी आहे. ज्येष्ठांच्या हातात पास दिला की "पैसे भरलेत तर आणखी एक ठिकाण करू" असे सुरू होते आणि संध्याकाळी गुडघे सुजतात.

पासाऐवजी काय, तर गेटवर कार्ड टेकवायचे. इथे आपल्याकडच्या लोकांचे हमखास अडते म्हणून सविस्तर लिहिते. टेकवून चालणारे व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट गेटवर चालते. रुपेवर अवलंबून राहू नका, आणि यूपीआयने ते गेट उघडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळे नवी कार्डे परदेशी वापरासाठी बंदच येतात. म्हणून निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देणे, हे दोन्ही सुरू करा. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते, एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. आत जाताना जे टेकवले तेच बाहेर येताना टेकवायचे. आणि लक्षात ठेवा, फोनमधले कार्ड आणि खिशातले प्लॅस्टिकचे कार्ड बँकेच्या दृष्टीने एक असले तरी गेटच्या दृष्टीने दोन आहेत. परदेशी कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवशी ६० सेंट शुल्क पडते, शिवाय आपल्या बँकेचा चलन बदलण्याचा आकार.

तुम्ही दोघे बँकेची कार्डे वापरा. आई-बाबांना मात्र ईझी-लिंक कार्डे, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायची प्रवासाची कार्डे, घेऊन द्या. कार्डाची किंमत परत मिळत नाही, पण बँकेचे कार्ड गर्दीत हातात धरून फिरण्याची त्यांची धास्ती जाते. मुलीचे काय? ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीची मुले मोठ्यांबरोबर फुकट जातात. सहा वर्षांची मुलगी त्याहून उंच असणार. सात वर्षांखालच्या मुलांसाठी सवलतीचे वेगळे कार्ड असते. तिचा पासपोर्ट घेऊन स्टेशनच्या तिकीट कार्यालयात विचारा.

बसकडे बहुतेक पर्यटक वळत नाहीत आणि मला त्याची खंत वाटते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला बस हे वरदान आहे. खाली उतरणे नाही, बोगदे नाहीत, सगळ्या सरकारी मार्गांवरच्या बसमध्ये व्हीलचेअर चढते, म्हणजे पायरीही नाही. वर खिडकीतून शहर दिसते. फक्त तीन गोष्टी पाळा. थांब्यावर हात दाखवा, नाहीतर बस निघून जाऊ शकते. पुढून चढा, मागून उतरा. आणि उतरताना कार्ड टेकवायला विसरू नका. विसरलात तर त्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. प्रत्येक बसमध्ये थांब्याची घोषणा होते असे धरू नका. फोनवर नकाशा उघडा ठेवा आणि एक थांबा आधी घंटी दाबा.

ठिकाणांचे थोडक्यात सांगते. मर्लायनसाठी, म्हणजे सिंहाचे तोंड आणि माशाचे शरीर असलेल्या त्या प्रसिद्ध पुतळ्यासाठी, उन्हात पायपीट करू नका. क्लार्क कीला उतरून नदीतली होडी घ्या. ती मरीना बेपर्यंत जाते आणि मर्लायन पाण्यातून, बसल्या जागी दिसतो. सेंटोसासाठी हार्बरफ्रंटला उतरून विवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून मोनोरेल. गार्डन्स बाय द बेसाठी बेफ्रंटचे बी दार. तिथून काचेच्या घुमटांपर्यंत अंतर बरेच आहे, पण बागेची स्वतःची छोटी गाडी पैसे देऊन मिळते. आईंसाठी ती घ्याच. सुपरट्रीचा, म्हणजे बागेतल्या उंच कृत्रिम झाडांचा, दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो. पहिला बघून लगेच निघा, म्हणजे परतीची गर्दी टळते.

बोटॅनिक गार्डनबद्दल मात्र सावध करते. निळ्या लाइनवर त्याच नावाचे स्टेशन आहे, म्हणून सगळे तिथे उतरतात. पण बघायला जातो ती ऑर्किडची बाग तिथून बागेच्या आतून चांगलीच लांब आहे. आईंना घेऊन जायचे तर टॅक्सीने थेट नासिम गेटला उतरा. प्राणिसंग्रहालय उत्तरेला मंडाईला आहे: निळ्या लाइनने स्टीव्हन्स, तिथे तपकिरी लाइनवर बदलून स्प्रिंगलीफ, मग १३८ नंबरची बस. यात बदल दोन होतात, पण सकाळी ताजेतवाने असताना, जाताना एवढा अपवाद जमतो. दिवसभर फिरून झाल्यावर परत येताना टॅक्सी करा, आणि नाइट सफारी असेल तर त्यावर चर्चाच नको.

गाडीत आणि स्टेशनच्या गेटच्या आत खाणे-पिणे बंद आहे. यात पाण्याचा घोटही येतो, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. आपल्या पिशव्यांत दशम्या, चिवडा असतोच. तो हॉटेलवर किंवा बागेत खा. बाबांची वेळेची गोळी असेल तर गेटच्या आत शिरण्याआधी द्या. सरकते जिने आपल्यापेक्षा वेगाने चालतात. आईंना त्यावर चढवू नका, लिफ्टच शोधा, चार पावले जास्त पडली तरी. आणि घरातून निघतानाच सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा: दारे बंद होऊन कुणी फलाटावर राहिले तर त्याने पुढची गाडी घ्यायची, पुढे गेलेल्यांनी लगेचच्या स्टेशनवर उतरून थांबायचे. जांभळ्या आणि निळ्या लाइनच्या गाड्या चालकाविना चालतात, दार कुणासाठी थांबत नाही.

विमानाच्या बाजूचे तीन मुद्दे. पहिला, सिंगापूरचे आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते, पाचही जणांचे, मुलीचेही. सरकारी संकेतस्थळावर ते मोफत आहे. पैसे मागणारी पाने सरकारी नाहीत. व्हिसा वेगळा, हे पत्र वेगळे. दुसरा, आई-बाबा दोघांसाठी विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी व्हीलचेअर नोंदवा. "मला काय धाड भरलीय" असे उत्तर येईल. त्यांना सांगा की ही आजारपणाची खुर्ची नाही, लांब टर्मिनलमधले चालणे वाचवायची सोय आहे, आणि वाचलेले ते चालणे बागेत वापरायचे. तिसरा, मुंबईहून रात्री निघणारी विमाने सकाळी पोहोचतात, घड्याळ अडीच तास पुढे जाते आणि हॉटेलची खोली मात्र दुपारी मिळते. पहिला दिवस त्यामुळे रिकामाच ठेवा. बॅगा हॉटेलवर टाकून जवळच जेवा आणि खोली मिळेपर्यंत बसून राहा. शक्य असेल तर लवकर खोली देण्याचे पैसे भरा. माझ्या मते या सगळ्या सहलीतला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च तो.

आता परतीची पहाट. सहाच्या विमानासाठी तीन-साडेतीनला विमानतळावर हवे. एमआरटी साधारण साडेपाचला सुरू होते, म्हणजे तिचा उपयोग नाही. तुम्ही विचारताय तसे रात्रीच जाऊन बसणे बरेच जण करतात. पण विमान कंपनीचे काउंटर सहसा निघण्याच्या तीनेक तास आधी उघडते. तोवर बॅगा तुमच्याच गळ्यात आणि आत आरामखुर्च्यांकडे जाता येत नाही. विमानतळाला लागून असलेला ज्वेल हा मॉल आणि त्यातला ४० मीटरचा धबधबा बघण्यासारखा आहेच, पण त्यासाठी रात्र बाकावर काढायची गरज नाही. दोन पर्याय आहेत. एक, ज्वेलमध्ये काही तासांपुरत्या मिळणाऱ्या खोल्या आहेत. संध्याकाळी जा, धबधबा बघा, जेवा, झोपा. पाच जणांना दोन-तीन खोल्या लागतील, तो हिशेब करा. दुसरा, आणि मला जास्त पसंत: हॉटेलवरच रात्री नऊला झोपा आणि पावणेतीनची मॅक्सीकॅब आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. ५० टक्के अधिभार पडेल, पण रस्ते मोकळे असतात आणि अर्ध्या तासाच्या आत पोहोचता.

त्याआधी तिकिटावर टर्मिनल बघा. १, २ आणि ३ स्कायट्रेनने जोडलेले आहेत, टर्मिनल ४ नाही, तिथे मोफत बसने जावे लागते. चालकाला टर्मिनलचा आकडा स्पष्ट सांगा. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सामानाची सुरक्षा तपासणी विमानाच्या गेटपाशी होते, सुरुवातीला नाही. त्यामुळे पासपोर्ट झाला म्हणजे सगळे झाले असे समजून दुकानांत रमू नका, गेटवर वेळेत पोहोचा आणि पाण्याच्या बाटल्या तिथे शिरण्याआधी रिकाम्या करा.

हॉटेल पक्के झाले की त्याचे नाव आणि विमानाचे टर्मिनल कळवा. लिफ्टचे दार कुठले आणि पहिल्या दिवशी जेवायला सगळ्यात कमी चालून कुठे जाता येईल ते सांगते.